माया न ठेवता बेतलेला झगा

...आणि वर म्हणते कशी, "ताई, मी कितीही खाल्लं तरी माझ्या अंगाला लागतच नाही हो." असं म्हणणाऱ्या बाईचं काय करावं, तुम्हीच सांगा. बरं, म्हणाली तर म्हणाली, पण तोंडात केक, हातात केक आणि डोळा तिसऱ्या केकवर! पण थांबा, मी आपली मधूनच सुरू झाले, कोण कुणाची ते सांगितलंच नाही.

तर एक होती शिंपीण, तिचा होता एक नवरा, बस चालवणारा, त्या नवऱ्याची होती एक आई, आणि पाठच्या भावाची एक बायको, म्हणजे शिंपिणीची धाकटी जाऊ. भाऊपण होता, पण तो पिशव्या धरायला, गोष्टीत त्याचं दुसरं फारसं काम नाही. शिंपीण अंगानं भरलेली, जिना चढली की मधे थांबून भिंतीवरची चित्रं बघणारी. आणि धाकटी म्हणजे दोरा, सुईत ओवली तर पलीकडून सुटून जाईल. खाण्यात मात्र दोघींत तीच थोरली.

शिंपिणीनं इतकी वर्षं जेवायच्या खोलीत मशीन मांडून शिवलं, आणि आता कुठे बसथांब्यासमोर दुकानाला एक खोली मिळाली होती. सुट्टीवरून आलं की दुकान उघडायचं, आणि त्या दिवशी स्वतः शिवलेला निळा झगा स्वतः घालून दारात उभं राहायचं, असं हिनं ठरवलं. नुसतं ठरवून गप्प बसावं ना? नाही, शाळेतल्या बाईंना सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं, बेकरीवालीला सांगितलं. बेकरीवालीनं हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू घालणार? बघूया." ते 'बघूया' टाचणीसारखं असं रुतलं की शिंपीण घरी आली ती तिरीमिरीतच, आणि कात्री घेऊन झगा बेतला. कसा बेतला? आहे त्या कमरेवर नाही, व्हायला हवी त्या कमरेवर. आणि माया ठेवली नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात ना, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून, ते. तिनं मुद्दामच सोडलं नाही, म्हणाली, पळवाटच नको. कापडही ताग्याचं शेवटचं टोक, ठिगळाला चिंधी मिळायची नाही. आता कमर उतरली तर दुकान, नाहीतर गल्लीभर हसं.

आणि नेमकी नवऱ्याला तेव्हाच सुट्टी मिळाली. दिरानं सगळ्यांसाठी समुद्राकाठचं लॉज ठरवलं, खाणंपिणं त्यातच धरून. खाणंपिणं धरून! निघायच्या गडबडीत शिंपिणीचा नवा टेप मशीनच्या खणात राहिला, तेव्हा खुंटीवरचा जुना कापडी टेप तिनं पर्समध्ये कोंबला आणि म्हणाली, रोज कमर मापणार, बघतेच.

तुम्हाला सांगते, त्या लॉजचं सकाळचं टेबल म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गरम पाव, लोणी, चार तऱ्हेचे मुरंबे, अंडी, तळलेले बटाटे, केक. शिंपिणीनं काकडीच्या चार चकत्या घेतल्या. नवरा म्हणाला, अगं, पैसे तर सगळ्यांचे सारखेच दिलेत. सासू म्हणाली, काकडी खायला एवढ्या लांब कशाला आलीस, ती घरी नव्हती? शिंपीण आपली काकडी चावते आहे आणि बघते आहे. आणि धाकटी? धाकटी खात होती.

दुपारी सगळे वाळूत, शिंपीण एकटी पाण्याच्या कडेकडेनं भराभर चालते आहे, घामाघूम, पायाला शिंपले टोचताहेत. मनात एकच, देवा, मला बारीक करू नकोस वाटलं तर, पण त्या धाकटीच्या एका गालाला तरी थोडी सूज येऊ दे. वळून बघते तर काय, छत्रीखाली आडवी पडून, दोन हातांत दोन आइस्क्रीमं, एक दिराचं होतं म्हणे, तो पाण्यात गेला म्हणून वितळू नये एवढ्यासाठी हिनं घेतलं. नवरा आपल्या बायकोला चालताना बघून कौतुकानं काही म्हणेल की नाही? तो म्हणाला, "वहिनीला बघ, कशी मजेत आहे." आता यावर एखादीनं समुद्रात उडी घेतली असती. हिनं घेतली नाही, पोहता येत नव्हतं. आणि धाकटी? धाकटी खातच होती.

पण ऐका. न्हाणीघरात कडी लावून शिंपिणीनं टेप कमरेला लावला, आणि हरखलीच. दोन बोटं कमी! पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकडी पावली म्हणाली. रात्री त्या आनंदात एक चमचा आइस्क्रीम खाल्लं, सकाळी भीतभीत मापलं, तरी तेवढंच. मग एक पाव, लोणी लावून. तरी तेवढंच. मग तळलेले बटाटे. टेप काही हलेना. म्हणजे आपल्याही अंगाला लागत नाही की! त्या दिवशी टेबलावर केकचा मोठा तुकडा उचलून, धाकटीकडे न बघता, अगदी तिच्याच सुरात ती म्हणाली, "मी कितीही खाल्लं तरी अंगाला लागतच नाही गं माझ्या." धाकटीचा चमचा हवेत थांबला. शिंपिणीला तेवढ्यातच सगळी सुट्टी वसूल झाली.

घरी आले. दुकान उघडायचा दिवस. समोर बायका जमलेल्या, बेकरीवाली सगळ्यांत पुढे, आणि आत पडद्याआड शिंपीण झग्यात अर्धी अडकलेली. वर जाईना, खाली येईना. नवरा म्हणाला, श्वास घेऊ नकोस, बसू नकोस, होईल की. सासूनं विचारलं, "मापलं कशानं होतंस?" म्हणाली, खुंटीवरच्या टेपनं. सासूनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, त्या टेपनं मी गाद्यांच्या वळकट्या बांधते, गुडघा देऊन ओढते. तो लांबायचा नाही तर काय करेल?" नवा टेप शेजारी धरून कमरेचा आकडा जुळवला, तर तेवढ्यातच जुना चार बोटं खाली लोंबत होता, चार बोटं कमी दाखवत होता. म्हणजे दोन उतरली नव्हती, दोन चढली होती. आणि झग्याला माया नाही!

शिंपीण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडायला लागली. बाहेरून बेकरीवालीचा आवाज, येतेस ना गं? आणि धाकटी? धाकटी तिथेच उभी राहून पाव खात होती. तिनं हात पुसले आणि हळूच म्हणाली, "ताई, मी घालून बघू?" सासूनं झगा शिंपिणीच्या अंगावरून सोडवला, धाकटीनं घातला, तर तुम्हाला सांगते, पाणी ओतावं तसा बसला. तेव्हा शिंपिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की झगा बेतताना व्हायला हवी ती कमर म्हणून आपण कुणाची कमर डोळ्यांपुढे धरली होती.

धाकटी दारात उभी राहिली आणि गल्ली बघतच राहिली. बेकरीवालीनं झग्याला हात लावून पाहिला, आत आली, आणि शिंपिणीच्या कानात म्हणाली, "मलाही असाच. पण माया भरपूर ठेव."

त्या दिवसापासून घराला बरकत आली. दुकानात दुसरं मशीन आलं, दवाखान्याचे सगळे पोशाख आले, नवरा सुट्टीच्या दिवशी बटणं लावतो, सासू काजं करते, आणि नवा झगा आधी धाकटीच्या अंगावर चढतो, मग गिऱ्हाइकाला दिसतो. फक्त एक झालं. आता धाकटीची कमर म्हणजे दुकानाची पाटी, ती एक बोटसुद्धा हलायला नको. म्हणून शिंपीण नवा टेप गळ्यात घालून तिच्या पानावर डोळा ठेवून बसते. केक दिसला की काढून घेते, आइस्क्रीम दिसलं की काढून घेते. आता काढून घेतलेलं टाकायचं कसं, अन्न आहे शेवटी.

आणि धाकटी? धाकटी बघत असते. शिंपीण खात असते.