ब्रेक धरतो म्हण

मी मूळची चिपळूणकडची. आमची लाकडाची वखार होती, वडील आणि काका मिळून चालवायचे, आणि शाळा सुटली की मी तिथंच अभ्यासाला बसायची, त्या करवतीच्या आवाजात, त्यामुळं लाकूड मला कोणी शिकवावं लागलं नाही बघा. ओंडका ओढत असले की उताराच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. मग लग्न होऊन पुण्याला गेले, हे सॉफ्टवेअरमधले, आणि वर्षभरात ह्यांचं जपानचं निघालं, तेव्हा सगळ्यांचंच निघत होतं, एकाच विमानात तीन-तीन मराठी कुटुंबं असायची, तसे आम्ही आलो टोकियोतल्या निशी-कसाईला.

ह्यांचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. मी घरी बसून काय करणार, मी डबे भरायच्या कारखान्यात अरुबाइतो धरला, अर्धवेळ काम म्हणजे, आणि जपानी बायकांच्या रांगेत उभी राहून भात भरता भरता भाषा शिकले. मग काय, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा, डॉक्टर, घरमालक, जिथं तिथं मला पुढं करायचे. कौतुक नव्हतं हो त्याचं, सोय होती.

तर ह्यांच्या ऑफिसात पाटणकर म्हणून होता, त्याच्या डोक्यात आलं की आपण झाडांची बाग घेऊ. टोकियोशेजारच्या चिबाच्या डोंगरात सुगीची बाग, सुगी म्हणतात इथं त्या झाडाला, आपल्याकडं सुगी म्हणजे वेगळंच, मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. उंच सरळ झाडं, छान वास. मालक थकलेला, मुलाकडं राहायला गेलेला, स्वस्तात देत होता, दोघांनी मिळून घेतली आणि शनिवार-रविवारी जायला लागलो. शेजारची बाग ओनो-सान आणि त्यांच्या बायकोची, दोघंही सत्तरीला आलेली. वडिलांची वखार होती म्हटल्यावर ओनो-सान माझ्याशीच बोलायचे, आपल्या विळ्याला धार कशी लावतात तेसुद्धा विचारायचे. सालं न सोलता वाळवलेलं लाकूड दाखवून म्हणायचे, बघा, तुमचे वडील काय म्हणतील ह्याला. परक्या देशात असं कोणी वडिलांचं विचारलं की काय वाटतं, काय सांगू तुम्हाला.

पुढं ठरलं की ओंडके ओढायचं यंत्र घ्यायचं, स्किडर म्हणतात, रणगाड्यासारखे पट्टे असतात त्याला आणि मागं तारेचा ड्रम. जुनंच घ्यायचं होतं. गेलो एका दलालाच्या आवारात. ह्यांनी आणि पाटणकरनी इंटरनेटवरून कागद काढून आणले होते, त्यावर खुणा करत बसले, आणि मी नुसती यंत्राभोवती फिरले. सगळं जुनं आणि एका जागीच ताजा रंग, ड्रमच्या खाली. नख लावलं तर खाली वेल्डिंगची गाठ. दलालानं रिकामी तार गुंडाळून दाखवलीन, मी ह्यांना म्हटलं, अहो, ओंडका लावून ओढायला सांगा, उतारावर मधेच थांबवून बघू दे. हे म्हणाले, त्याला राग येईल, तू फक्त भाषांतर कर. आणि तो दलाल, बोलत होता माझ्याशी आणि बघत होता ह्यांच्याकडं. मला किळस आली त्या दोघांच्या मानेची, एकमेकांना वाकून वाकून नमस्कार चाललेले. घेतलं यंत्र.

पहिल्याच दिवशी ओंडका अर्ध्या चढावर असताना ड्रमचा ब्रेक सुटला. तार सरसर उलगडली आणि ओंडका खाली गेला, पाटणकर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. दलाल म्हणाला, जसं आहे तसं दिलं होतं. मला वाटलं आता भंगारात देतील. पण ह्यांनी ओनो-सानांना विचारायला लावलं, घेता का म्हणून. त्यांचं जुनं यंत्र बंद पडलेलं, ते आले, वाकून बघितलंनी, आणि सरळ मला विचारलं, ब्रेक धरतो का. मी ह्यांना मराठीत सांगितलं, ब्रेकचं विचारतायत. हे म्हणाले, धरतो म्हण.

आणि मी म्हटलं. दाइजोबु म्हटलं, म्हणजे काळजी नाही. दिवसाला पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द, तसाच आला. त्यांनी रंगाखाली नख लावून बघितलं नाही, कारण सांगणारी मी होते.

परतीच्या गाडीत हे आणि पाटणकर खुशीत, कसं खपवलं म्हणून. ह्यांची तर शिसारी आलीच, पण माझं स्वतःचं तोंड मला खरकटं वाटत होतं. चार दिवस अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी कामावर खाडा केला आणि एकटी निघाले.

पोचले तर यंत्र चालू होतं. ओनो-सान वर, आणि त्यांची बायको खाली, ओंडक्याला तार बांधत, बरोब्बर उताराच्या खाली. मी लांबून ओरडत पळाले, काय ओरडले आठवत नाही, मराठीतच असेल. त्यांनी इंजिन बंद केलं. मी सगळं सांगितलं, धापा टाकत. ओनो-सान आधी बायकोकडं गेले, तिला हाताला धरून वर आणलंनी, मग मला विचारलं, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं का. मी म्हटलं, हो. बास, एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही, नेहमी चहा विचारणारी त्यांची बायको माझ्याकडं न बघता आत गेली.

दोन दिवसांनी त्यांनी यंत्र आमच्या बागेत आणून ठेवलं, धुऊन पुसून. पैसे परत घेताना ह्यांना वाकून नमस्कार केला, मला नाही. घरी हे म्हणाले, तुला कोणी सांगितला होता शहाणपणा. मी म्हटलं, ती म्हातारी मेली असती. तर म्हणाले, मेली का. त्या दिवसापासून ह्यांच्यासाठी भाषांतर बंद केलं मी. बँकेत अडले, दाराशी कोणी आलं, मी आतून बाहेर आले नाही. शिकले हे हळूहळू, मोडकंतोडकं.

पाटणकर अमेरिकेला गेला, यंत्र भंगारात गेलं, बाग विकली. आम्ही आता इचिकावाला असतो. मी एका दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते, मुलगी मोठी झाली, मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. संसार चाललाय, ह्यांचा बीपीचा त्रास आहे, गोळ्या मीच देते.

ओनो-सानांना दर वर्षी नवीन वर्षाचं कार्ड पाठवते. उत्तर येत नाही, आणि ते बरोबरच आहे त्यांचं. पण कार्ड परतही येत नाही, म्हणजे घरात कोणीतरी आहे असं मी समजते. दोघं धडधाकट असोत एवढंच म्हणते, माझं नाव वाचून फेकून देत असतील तर देवोत.