आमच्या वावरात मेंढरं बसली तव्हा

(गयाबाईंनी बांधावर बसून सांगितलं, तसंच लिहून घेतलं.)

माझं माहेर पाचोडचं. बाजाराचं गाव, तव्हा भाव कराया आन भांडाया म्या आईच्या पोटातूनच शिकून आले म्हना. आन नवरा मिळाला कसा, तर ज्याच्या तोंडून कवा नाय म्हनून निघतच नाय. फुलंब्रीच्या अलीकडं हे आमचं चार एकर. काळं रान, हिरीला पानी, गहू, कांदा, कडंकडंनं मेथी. काय सांगू तुम्हाला, कुनी म्हनावं आन्ना बैल द्या, हे म्हनत्यात न्या. कुनी म्हनावं मोटर द्या, न्या. एकदा तर एकजन लग्नासाठी ह्यांचा नवा फेटा मागून घेऊन गेला, आन हे त्याच लग्नाला उघड्या डोक्यानं गेले.

आधी शहर लई लांब व्हतं. मंग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकेकानं वावरं इकली, तिथं खांब रवले, तारा वढल्या, कमानी बांधल्या. कमानीवर नाव काय, तर हिरवाई, आन आत झाड म्हनाल तर एक नाय. आमचा सुदाम शेंद्र्याला कंपनीत हाय, तो म्हने आई, आपुन बी इकू, शहरात फ्लॅट घिऊ, तू आता आराम कर. म्या म्हनलं आराम करून काय करू, खुर्चीत बसून भिताड बगू? पन मला सुदामची भीती नव्हती बरं का, मला भीती ह्यांची. हे कुनाला तरी व्हय म्हनून बसत्याल, ही धास्ती माझ्या जिवाला घोर लावून व्हती.

आन तसंच झालं की! म्या भाचीच्या लग्नाला पाचोडला गेले, आन इकडं प्लॉटिंगवाला आला. पांढरेशुभ्र बूट, पेढ्याचा बॉक्स, काका काका करीत ओट्यावर बसला. म्या घरी आले तर हे व्हय म्हनून मोकळे. रविवारी तो गिऱ्हाइकं आननार, रान दाखवनार, पसंत पडलं की बयाना. म्या म्हनलं अवो, कामून व्हय म्हनला तुमी? तर म्हनत्यात, अगं, तिसरा चहा प्याला त्यो, मंग नाय कसं म्हनावं? आता बोला! म्या चुलीपुढं बसून रडले. माझ्या हातचं रान चहाच्या कपात बुडालं.

शनवारी सांजच्याला खंडूभाऊ आला. हा धनगर अजिंठ्याच्या डोंगराकडून दरसाली उतरतो. गहू निघाला की त्याची मेंढरं आमच्या रानात मुक्कामाला बसत्यात, त्यांच्या लेंड्यांचं खत आमाला, आन त्याला धान्य. सासऱ्याच्या वक्तापासूनची रीत. खंडूभाऊ म्हनला आन्ना, बसवू का? हे म्हनले बसव. म्हंजी एका रानाला दोघांना व्हय! म्या गप भाकरी जादा थापल्या.

रविवारी गाड्या आल्या. सगळं रान मेंढरांनी भरलेलं, आन पहाटंच एक मेंढी बरोबर मधोमध व्याली. गिऱ्हाइकांची लेकरं कोकराच्या मागं पळाली, त्यांच्या आया नाकाला पदर लावून उभ्या. एक साहेब इचारतो, गार्डन कुठं येनार? म्या म्हनलं ते काय, समदं गार्डनच हाय, खात्यात बगा. प्लॉटिंगवाल्याचे बूट तवर पार लेंड्यांनी माखले व्हते. तो चिडून म्हनला काका, ही मेंढरं रस्त्यावर काढा, मला चुना टाकून आखायचंय. खंडूभाऊ बिचारा काठी घेऊन उठला.

तर हे म्हनले, नाय.

मला वाटलं दुसरंच कुनी बोललं, म्या मागं वळून पायलं. हे म्हनले, ओली बाळंतीन हाय ती, तिला उठवायची नाय. प्लॉटिंगवाला म्हने काका, तुमी मला शब्द दिलाय. हे म्हनले, तुमाला दिला तो भिडंनं. ह्याला दिलाय तो माझ्या बापानं. त्यो मोडायला मी कोन? आन अंगनात बसल्यागत मेंढीपाशी मांडी घालून बसले. सुदाम तोंड फुगवून उभा, आन माझ्या डोळ्याला नुसत्या धारा. येवढा देखना मानूस म्या लग्नात बी पायला नव्हता.

आता तिन्ही अंगांनी बंगले झालेत. त्यांचे दिवे रातभर आमच्या गव्हावर पडत्यात. सांजचं तिथली मानसं बांधावर फिराया येत्यात. परवा एक बाई म्हनली मावशी, तुमचं शेत इकू नका हं, आमच्या गॅलरीत लई गार वारं येतं. म्या म्हनलं बाई, तू निजती तिथं माझ्या जावेची तूर व्हती. ती वळून आपल्या गॅलरीकडं बगाया लागली. मला तिची दया आली, म्या तिला मेथीची जुडी दिली.

सुदाम अजून दिवाळीला इषय काढतो. आमच्या माघारी त्याचा तो मालक, आमी काय वरून बगाया येनार नाय. जीव तुटतो, पन काय करता? त्याचं बी भलं होवो, तुमचं बी होवो बाबा, लेकराबाळांना पोटभर मिळो. आन जाताना बांधाच्या कडंकडंनं जा. मधी पेरलंय.