घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नसतो

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘सर, अपघात झाल्यावर नेमकं काय करायचं हो?’ मला! अहो, मीच शिकवतो ना ते! ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. दर रविवारी फळ्यासमोर उभा राहून घसा कोरडा करतो: पहिल्यांदा शांत राहायचं! मग इंजिन बंद, चावी हातात, कोणाला लागलंय का ते बघायचं, फोटो काढायचे, साक्षीदार गाठायचा, आणि जागेवर चूक कबूल करायची नाही. पोरं लिहून घेतात. पहिल्यांदा शांत राहायचं म्हणे! कोणी ठरवलं हे? मीच ठरवलं. मला काय माहीत, स्टिअरिंगवर आमची ही असणार म्हणून!

आता नीट ऐका, तुम्हाला सांगतो. आमची ही गाडी शिकली ती माझ्याकडेच, शाळेच्या गाडीत. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गांगरला की आपण दाबायचा. ही गांगरली की मी दाबायचो. नाही गांगरली तरी दाबायचो. मांजर आडवं आलं, दाबला. मांजर येईलसं वाटलं, दाबला! पुढे हिला लायसन मिळालं, मुलं मोठी झाली, पण फिरायला जायचं तर गाडी तीच ना! लग्नाला निघालो तरी टपावर शाळेचा बोर्ड. ही चालवणार, मी शेजारी, पाय ब्रेकवर. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही! आणि आमच्या धंद्यात दुसरं असतं काय हो? नाव! नाव गेलं की शटर खाली.

तर ही म्हणाली, ‘अहो, तो बोर्ड डोक्यावर घेऊन मी आता कुठे यायची नाही. घरची वेगळी गाडी घ्या.’ घेतली. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पहिल्यांदाच निघालो, ही चालवतेय, मी शेजारी, झकास... पुढे सिग्नल लाल. एक पांढरी गाडी थांबलेली. मी बघतोय. ही बघतेय. मला वाटतंय, ही दाबेल. हिला वाटतंय, हे दाबतील. आणि दाबला हो! मी दाबला! जीव खाऊन, दोन्ही पायांनी दाबला... पायाखाली काय? पायपुसणं!

धाड!

पहिल्यांदा शांत राहायचं. राहिलो! म्हणजे दोन्ही पाय अजून पायपुसण्यावरच दाबलेले. तेवढ्यात पांढऱ्या गाडीतून एक बाई उतरल्या. म्हटलं, आता चार शिव्या देतील, देऊ देत, ऐकून घेऊ. बाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि एकदम हात जोडले. ‘अय्या, सर! तुम्ही? नमस्कार सर! हलू नका.’

माझीच विद्यार्थिनी! बँकेत कॅशियर आहेत, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. आणि काय सांगू तुम्हाला, एक शब्द विसरल्या नव्हत्या! ‘सर, इंजिन बंद केलंत? चावी? छान. वहिनी, तुम्हाला लागलं नाही ना? सर, जरा सरकता का, तुमची सावली पडतेय डेंटवर.’ चारी बाजूंनी फोटो! बसस्टॉपवरच्या एका आजोबांना दंडाला धरून आणलं, ‘हे साक्षीदार, सर. बरोबर ना?’ मी म्हटलं, बरोबर. काय म्हणणार? शंभरपैकी शंभर मार्क द्यावेत असं काम चाललं होतं, फक्त माझ्याविरुद्ध!

मग आले ट्रॅफिकचे साहेब. ‘कोणाची चूक?’

कॅशियरबाई म्हणाल्या, ‘साहेब, जागेवर चूक कबूल करायची नसते. सरांनीच शिकवलंय.’ आजोबा म्हणाले, ‘वा! सर का हे?’ आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘अहो, हे तर ते ड्रायव्हिंग स्कूलवाले!’ पहिल्यांदा शांत राहायचं... कसं राहायचं? कसं?

साहेब हिच्याकडे वळले. ‘ताई, ब्रेक का नाही मारला?’

ही ताठ उभी. ‘ब्रेक नेहमी हे मारतात.’

‘हे? हे तर इकडे बसले होते.’

‘हो. आणि मारला त्यांनी.’

साहेब वाकले. माझ्या सीटपुढे, पायाशी टॉर्च मारला. पायपुसण्याची पार घडी होऊन ते कोपऱ्यात गेलेलं. ‘इथे तर काहीच नाही,’ म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, असं बघितलं, की दंड परवडला! आजोबांना तर हसून ठसका लागला, पाणी मीच दिलं.

घरी आलो. दारात चपला काढता काढता ही म्हणाली, ‘इतकी वर्षं मला वाटत होतं, मी गाडी चालवते. चालवत तुम्हीच होतात.’ भांडली असती तर मीही भांडलो असतो हो. पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. म्हटलं, ‘अगं, उद्यापासून मैदानावर चल, मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतो.’

‘तुम्ही नको.’

तुम्ही नको! आणि गेली कोणाकडे? आमच्या शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याची गाडी सदा कुठे ना कुठे खरचटलेली, म्हणून मी त्याला खरचट्या म्हणतो. वर्गात नावानिशी हसतो त्याला! त्या खरचट्याकडे! माझ्या खिडकीतून दिसतं हो सगळं. ही स्टिअरिंगवर, आणि तो शेजारी मांडी घालून बसलेला. मांडी! पायाशी ब्रेक असून ढुंकून बघत नाही. परवा खांबाला घासली हिनं, तरी मांडी मोडली नाही त्यानं. आणि काल, तुम्हाला सांगतो, मध्येच एक सायकल आली, मी इकडे खिडकीत जोरात पाय आपटला, टेबल हललं, चहा सांडला... आणि गाडी थांबली होती. हिनं थांबवली होती. एकटीनं!

आता रोज संध्याकाळी हिला आणायला तिकडे जातो. त्याच्या ऑफिसात बाकावर बसतो. पहिल्यांदा शांत राहायचं, हे आता कुठे जमायला लागलंय. काल तिथे एक गृहस्थ आले, मुलीचं नाव घालायला. इकडेतिकडे बघितलं, माझ्याशेजारी टेकले आणि हळूच विचारलं, ‘काय हो, इथे शिकवतात कसं? त्या समोरच्याचं नाव मोठं आहे म्हणतात.’

काय सांगणार? खिडकीतून ही दिसत होती, गाडी मागे घेत होती, एका हातानं!

म्हटलं, ‘इथेच घाला. आमचीही इथेच आहे.’