फोन पालथा ठेवा

मंडळी, पुढे सरका. सतरंजीवर अजून जागा आहे. उन्हात उभं राहू नका.

कुंदाबाईंच्या घरची माणसं समोर बसली आहेत. गावकरी आहेत, सिंदीहून आलेले शिक्षक आहेत, आणि पोरं आहेत. पोरं तर त्यांच्या नेहमीच्याच जागेवर बसली आहेत. हा माइक माझ्या हातात आजवर फक्त भजनाला आला. आज बाईंच्या माघारी बोलायचं आहे, आणि ते मला जड जातं आहे. चुकलो तर सांभाळून घ्या. बाई घ्यायच्या.

कुंदाबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा आपल्याला वाटलं, आता आराम करतील, देवधर्म करतील. त्यांनी काय केलं? देवळाच्या याच सभामंडपात दर रविवारी सहावी ते आठवीची पोरं जमवली. घरोघरचे मोबाइल मागवले. धन-ऋण संख्या, अपूर्णांक, समीकरणं, सगळ्याचा सराव ऑनलाइन. त्या स्वतः पासष्टीच्या. बटणं कुठली दाबायची, ते पोरांकडून शिकल्या आणि गणित पोरांना शिकवलं.

त्यांचा एक नियम होता. उदाहरण अडलं, की मोबाइलवर 'इशारा' नावाचं बटण असतं. ते दाबलं की पुढची पायरी दिसते. बाई म्हणायच्या, "थांब. फोन पालथा ठेव. आधी गप बस." पोरगं फोन पालथा ठेवायचं. सगळा मंडप गप. बाईही गप. त्या घाई करत नव्हत्या. घड्याळ बघत नव्हत्या. मला तर ते आरतीच्या आधीच्या शांततेसारखं वाटायचं.

आज मला माझी एक चूक सांगायची आहे. बाईंनी ती कधी कुणाला सांगितली नाही. म्हणून मीच सांगतो.

माझी वैष्णवी तेव्हा सातवीत होती. आमच्या घरी फोन एकच. मी वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो. व्यापाऱ्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दिवसा फोन माझ्यासोबत वावरात. पोरीचा सराव मागे पडू लागला. मला वाईट वाटलं. मी स्वतः गावच्या शाळेत शिकलो, पण तोंडी आकडेमोड पक्की. मग दुपारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच्या निंबाखाली बसून मीच तिच्या नावावर उदाहरणं सोडवू लागलो. हिरवी खूण आली की बरं वाटायचं. वाटायचं, पोरीचं ओझं उचललं.

पण त्या यंत्राला काय माहीत, बोट कुणाचं? त्याला वाटलं, या पोरीला सगळं येतं. त्यानं तिला चार धडे पुढं नेलं. एका रविवारी ती घरी आली आणि दप्तर कोपऱ्यात फेकलं.

"मी नाई जात आता. मले काईच समजून नाई राह्यलं. मी ढ आहो."

मी काय केलं? ती रडत होती आणि खरं मला माहीत होतं. तरी गप्प राहिलो. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग बाई माझ्या वावरात आल्या. पायी. निंबाखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मनोहरभाऊ, तुमची पोरगी मोठी अवतारी हो! दुपारी दोन वाजता शाळेत वर्गात बसून राह्यते, अन् त्याच टायमाले मोबाइलवर गणितंही सोडवते. दोन ठिकाणी एकाच वक्ती? हे तं देवालेच जमते."

कुणी किती वाजता काय सोडवलं, ते शिकवणाऱ्याला मोबाइलवर सगळं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली मान घातली. म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा ना तिले."

"उदाहरणं तुम्ही सोडवली न? मंग हेही तुम्हीच सोडवा."

संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. वैष्णवीला समोर बसवलं. माझ्या हातातला फोन घेतला आणि पाटावर पालथा ठेवला. मग गप्प. माझी बायको चहा घेऊन दारातच उभी राहिली. किती वेळ गेला, देव जाणे. त्या शांततेतून पळायला जागा नव्हती. शेवटी मी बोललो. पोरीपुढं हात जोडले आणि सगळं सांगितलं.

वैष्णवी माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे, मी ढ नाई?"

"नाई वो माय."

"अन् बाबा, त्यातली दोन तं तुम्ही चुकवलीही. लाल खुणा पाहून मले वाटलं, मीच चुकली!"

बाई इतक्या हसल्या, की डोळ्याला पदर लावला. मग त्यांनी वैष्णवीचा धडा मागे नेला, पहिल्या पायरीवर. आणि त्याच फोनवर माझ्या नावाचं वेगळं खातं उघडलं. म्हणाल्या, "तुमाले लई हौस आहे न? मंग तुमच्या नावानं करा."

मंडळी, पन्नाशीच्या तोंडावर मी समीकरण शिकलो. बाईंनी माझा जुना तराजू मागवला. एका पारड्यात बांधलेली पिशवी आणि छोटं वजन, दुसऱ्या पारड्यात मोठं वजन. "पिशवी सोडायची नाई. आत किती, ते सांगा." जेवढं या पारड्यातून काढाल, तेवढंच त्या पारड्यातून काढा. आयुष्यभर तराजू धरला, पण तो असा कधी पाहिला नव्हता.

वैष्णवी आता दहावीत आहे. बाई गेल्या त्यानंतरच्या रविवारी तिनंच मंडप झाडला आणि पोरांना हाक मारली. सगळी आली. मग त्यांनी फोन पालथे ठेवले आणि बसून राहिली. रविवार चालू राहील, बाई. शिकवेल वैष्णवी. सतरंजी मी घालीन आणि तराजू मी आणीन.

आता माझी एक विनंती आहे. आपापले फोन काढा. बंद नका करू. समोर पालथे ठेवा. घड्याळ बघू नका. ज्याला जे बोलायचं राहून गेलं असेल, ते त्याला आठवेपर्यंत आपण बाईंसाठी गप्प बसू.