अर्धा आलुबोंडा

नानाजी : मी हाललो नाही. हा पट्टाच लय आवळते, म्हून आकडा वर जाते.

दिपाली : मामाजी, बोलू नका ना. बोलताना बीपी जास्तच दिसतो.

विमलताई : त्याह्यले चूप बसवाले मशीन कमी पडते, दिपाली. मी चाळीस वर्षं कोशिश करून राह्यली.

दिपाली : झालं. एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे आठ.

नानाजी : आन मागच्या खेपेले?

दिपाली : एकशे नव्वद.

नानाजी : म्हंजे उतरला!

दिपाली : दोनानं. डॉक्टरांना एकशे साठच्या आत पाहिजे, तेव्हाच ते मोतीबिंदूला हात लावतील. दोनदा ऑपरेशनच्या टेबलापासून वापस पाठवलं तुम्हाला. मी त्याच दवाखान्यात सिस्टर, सगळ्या जणी मलाच विचारतात, तुमचे सासरे आज तरी होतील का म्हणून. तिसरी तारीख तीन आठवड्यांवर आहे. ती हुकली तर नंबर दिवाळीच्याही नंतर.

नानाजी : दिवाळीनंतर काय पाहू मी? कापूस येचून घरात आला असंन. औंदा फुटलेलं वावर पाहाचं हाय मले. मागच्या साली सारे म्हणत होते, नानाजी, काय फुटलाय कापूस! मले नुसतं धुकं दिसत होतं. मी बी म्हटलं, हो, मस्त फुटला.

विमलताई : आन परवा तण समजून तूर उपटली. आठ झाडं.

नानाजी : सहा.

विमलताई : तुमाले दिसली तेवढी सहा. दिपाली, मशीनले इचारण्यापेक्षा यायच्या खिशाले इचार. हा कागद पाह्य. कसा तेलकट हाय! पुष्पाच्या बोंड्याच्या गाडीवरचा.

नानाजी : तो रईवारचा हाय! आठवड्यात एक आलुबोंडा चालते, असं डॉक्टरनं सोता सांगतलं. तू होती ना संगं, पोरी? दे गवाही.

दिपाली : होते. एकच म्हणाले. तर्री नको, वरून शेव नको.

नानाजी : एकच आणतो. तो बी घरी आणून तुह्या सासूच्या हवाली करतो. थे मोडते, अर्धा मले, अर्धा तिले. त्यातला लहान तुकडा माह्या वाट्याले येते. मले दिसत नाही त्याचा फायदा.

विमलताई : बरोब्बर मधून मोडते मी.

नानाजी : जिभेले समजते, किती आलं आन किती गेलं.

दिपाली : भांडू नका हो. अर्ध्या बोंड्यानं एवढं नाही वाढत. गोळी रोज घेता ना?

विमलताई : मी हातावर ठेवते, गिळली का पाहाले तोंड उघडून पाह्यते. शाळेतल्या पोरासारखं.

दिपाली : मग मीठ कुठून जातंय?

विमलताई : मीठ? मीठ तर मी या घरातून कहाडूनच टाकलं! बरणीच्या बरणी पुष्पाले देऊन टाकली. तीन महिने झाले, पांढऱ्या मिठाचा कण नाही घरात.

दिपाली : मग भाजी अळणी का नाही लागत? मला वाटायचं, आईंच्या हाताचीच चव आहे.

विमलताई : अळणी कायले करू? सैंधव टाकते ना. उपासाचं. आन ताकात काळं मीठ.

दिपाली : किती टाकता?

विमलताई : त्याले पांढऱ्यासारखी चव कुठी? म्हून जरासं दीडपट टाकते.

दिपाली : आई…

विमलताई : काहून? एकादशीले चालते ते. देवाले चालते.

दिपाली : देवाला बीपी नसतो, आई. रंग वेगळा, नाव वेगळं, पण आहे ते मीठच. पांढरं टाकलं असतं तर निदान मोजून तरी टाकलं असतं तुम्ही.

नानाजी : आता कोनाच्या खिशाले इचारू वं?

विमलताई : दोन्ही खेपेले मीच वापस आणलं म्हणा यायले. आन बोल मी पुष्पाच्या कढईले लावत होती.

नानाजी : हट! असं काही नाही. ते… मी सांगतलं नाही तुले. मी खाल्ले बोंडे. मंगळवारी. दोन. तर्री टाकून, वरून शेव.

विमलताई : कोन्त्या मंगळवारी?

नानाजी : गेल्या. आन त्याच्या आंधी बी एकडाव.

विमलताई : मंगळवारी पुष्पाची गाडी बंद राहते.

नानाजी : …उघडली असंन एखादडाव.

विमलताई : खोटं बी धड बोलता येत नाही तुमाले. अन् माह्यासाठी तर बिलकुलच येत नाही.

दिपाली : बरं, आता रडायचं नाही, आई. शोधून काढू. सकाळी काय होतं?

विमलताई : पोहे. वरून शेव. थोडीशीच.

दिपाली : दुपारी?

विमलताई : भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. लिंबाचं लोणचं. एक पापड.

नानाजी : दोन.

विमलताई : एवढे बी इमानदार नका होऊ.

दिपाली : शेव, पापड, लोणचं, ठेचा, ताक. एका बोंड्याहून जास्त मीठ मामाजी दुपारपर्यंतच खातात हो. बाहेरचं खाणं मोजत बसलो आणि घरातलं मोजलंच नाही कोणी.

विमलताई : मोजून राह्यलीच तर तुह्या बॅगेतलं बी मोज. ते नुडलचं पाकीट रोज ड्युटीवर नेते. त्यातली मसाल्याची पुडी मी चाखून पाह्यली. दात खारवले माह्ये.

दिपाली : रोज नाही काही.

विमलताई : सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार.

दिपाली : …बुधवारी सुट्टी असते माझी.

नानाजी : सापडली! सिस्टरच सापडली!

दिपाली : बरं बाबा, मीही. आठवड्यात एकदा, तेही अर्धीच पुडी. बाकी दिवस भाकर नेईन. तुम्ही शेव, पापड, लोणचं बंद. ताक नुसतं, हवं तर जिरं भाजून टाका. स्वयंपाकात मीठ आधीच्या निम्मं, कोणत्याही रंगाचं असो. आणि ताटात वेगळं मीठ वाढायचं नाही.

विमलताई : थांब. बाकी सारं आयकते. पण ताटाच्या काठाले मिठाची चिमूट नाही ठेवायची? माह्या मायनं पयले तेच शिकवलं. मीठ आंधी, मंग बाकी ताट. त्याबिगर ताट वाढलं का हात अडते माह्या.

दिपाली : तिथे लिंबाची फोड ठेवा.

विमलताई : मिठाच्या जागी?

नानाजी : ठेव वं. जागा रिकामी नाही राह्यली म्हंजे झालं. मी बोट लावून चाखून घेईन, तुह्या मायचं बी समाधान.

विमलताई : पाह्यलं? आळणी खायची येळ आली तरी तोंड चालूच.

(पाच आठवडे झाले. रविवारची दुपार. नानाजींच्या डोळ्यांवर काळा चष्मा.)

दिपाली : वावरात न शिरता धुऱ्यावरूनच पाहिलं ना, मामाजी? धूळ नाही ना गेली?

नानाजी : धुऱ्यावरून. चष्मा लावून. डोयाले हात न लावता. तुह्यी सारी कलमं पाळली.

विमलताई : कबूल कराच बापा, एकशे बावन्न आला म्हून झालं आपरेशन. आळणी वरण खाल्लं त्याचं फळ.

नानाजी : आळणी कुठी, आता त्यालेच चव लागते. काल बारशात पापड खाल्ला तं खारट लागला मले. अर्धा ठेवून देल्ला.

दिपाली : ते जाऊ द्या. वावर कसं दिसलं ते सांगा.

नानाजी : काय सांगू, पोरी. एकेक बोंड वेगळं दिसते. मी धुऱ्यालगतच्या एका झाडापाशी बसलोच. मागच्या साली हो-हो म्हटलं होतं ना, ते आता खरं झालं. …आन तुरीचे खड्डे बी मोजले.

विमलताई : किती?

नानाजी : आठ.

विमलताई : हं.

नानाजी : आता बोंडा आण वं. आजचा रईवार हाय. पुष्पानं तर्री टाकू का इचारलं, मी म्हटलं नाही. दिपाली, लिहून ठेव.

विमलताई : घ्या. हा तुमचा, हा माह्या.

नानाजी : थांब. असाच मोडत होती तू? दर रईवारी?

विमलताई : मधूनच मोडते.

नानाजी : मोठा तुकडा माह्याकडे हाय. चांगला दोन घास मोठा. आन मी तुले इतके दिवस…

विमलताई : नजर नवी हाय तुमची. बसू द्या जरा. दिपाली, तू काहून हासून राह्यली?

दिपाली : मी नाही पडत तुमच्या मध्ये.

नानाजी : मंग पुढच्या रईवारपासून मी मोडीन. पुढचा कायले, आजच. आण इकडे दोन्ही.

विमलताई : अवो, मोडलेला काय मोडता? बरं, घ्या. करा वाटण्या.

नानाजी : हा तुह्या. हा माह्या. बरोब्बर मधून.

दिपाली : मामाजी, मोठा तुकडा आईंच्या ताटात गेला.

नानाजी : नजर नवी हाय, पोरी. बसू दे जरा.