तीन सुती बोल्ट आणि सुरैय्याबाईंचा खुलासा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे चेअरमन माननीय बाबलीशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, पालक, विद्यार्थी, आणि ज्यांच्या निरोपासाठी हा हॉल भरलाय त्या आपल्या विज्ञानाच्या सुरैय्याबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी परशुराम. बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. कॉलेज मी बाहेरूनच बघितलं. कॅमेरे खोलून खोलून दुरुस्ती शिकलो. अठ्ठावीस वर्षांत एकही कॅमेरा स्क्रू उरवून बंद केलेला नाही, हे जरा अभिमानाने सांगतो. मग शाळेच्या निरोप समारंभात माझं काय काम? बोलायची संधी मीच मागून घेतली. पाच मिनिटं मिळालीत, घड्याळ समोर काढून ठेवलंय.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंची शिस्त सांगितली, मायाही सांगितली. मी एका दुर्बिणीचं सांगतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेली दुर्बीण कपाटात पडून होती. नळी चांगली, तिला आकाशाच्या चालीने फिरवणारा लोखंडी माउंटही चांगला. फक्त लाकडी पाय वाळवीने खाल्लेले. बाई स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "परशुराम, तुमचो लग्नाच्या शूटिंगचो तो जाडो ट्रायपॉड आसा मां? त्येच्यार ह्यां बसात काय?"

बसात काय म्हणजे? मी बसवणारच!

ट्रायपॉडचं डोकं काढलं. खाली तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची बोल्ट होता. माउंटच्या बुडात आटे पाडलेलं भोक. मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती हवी, म्हणून लेथवाल्या धोंडूकडे गेलो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याने विचारलं, "परशा, बोल्टाचा माप दिलंस, भोकाचा खंय आसा?" मी म्हटलं, "दिसता तां तीन सुतीच. तू चकती काप." धोंडू, हसू नको. आज हसायची पाळी तुझी आहे हे मान्य, पण बाईंचा कार्यक्रम आहे.

बोल्ट चार आटे फिरला आणि घट्ट झाला. मला वाटलं, बसला. बाईंनी माउंट धरून हलवला. "हलता हां थोडो," म्हणाल्या. मी काय उत्तर दिलं? "बाई, विज्ञान तुमचं, बोल्ट माझा." शाळा तपासायला आलेल्या साहेबांनीही बाईंना कधी असं सुनावलं नसेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सूर्य बुडल्यावर, चंद्रकोरीसारखा दिसणारा शुक्र बघायला गावातली माणसं शाळेच्या अंगणात रांगेत उभी होती. सहा जणांनी बघितला. सातव्याच्या वेळी माउंट कलंडला आणि नळी जांभ्याच्या पायरीवर आपटली. भिंगाच्या कडेचा टवका उडाला.

माउंट घरी नेऊन मापाचा व्हर्निअर लावला. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, भोक दहाचं. आटेही वेगळे. चार आट्यांनंतर बोल्ट बसला नव्हता, अडकला होता. आयुष्यात एकदाच डोळ्याने माप घेतलं, आणि ते शाळेच्या वस्तूवर.

दुसऱ्या दिवशी कबूल करायला आलो, तर बाईंनी संस्थेला खुलासा देऊनही टाकला होता: 'दुर्बीण माझ्या हाताचा धक्का लागून पडली.' बाई, हाताने खुणा करू नका, मी थांबणार नाही. मी चिडून विचारलं, असं का केलंत? म्हणाल्या, "तुमचा नाव सांगलंय असतंय तर संस्था बाहेरच्या माणसाक परत हात लावूक देतली काय? आणि तुमी तरी लावतले? मगे पोरांका शनी कोण दाखयतलो? खुलासो मी लिवन दिलंय. तुमी आता भोक मोजा."

मोजलं. तीन वेळा मोजलं. धोंडूने एका टोकाला तीन सुती आणि दुसऱ्या टोकाला दहा मिलिमीटरचे आटे पाडून नवा बोल्ट केला. डिसेंबरात दोनशे अकरा माणसांनी शनी बघितला. त्याचं कडं तेव्हा सुईसारखं बारीक दिसत होतं. ट्रायपॉड तसूभर हलला नाही.

हे मी बाईंमुळे करू शकलो. पडलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायची हिंमत कुठल्या दुकानात मिळत नाही; मला ती त्यांनी दिली, आणि बदल्यात स्वतःच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा शेरा घेतला. छत्तीस वर्षांतला एकुलता एक. मी सव्वा वर्ष गप्प बसलो. नवा बोल्ट बसला म्हणजे जुनी गोष्ट फिटली, असं समजून बसलो होतो. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे. उद्या हे बोलून काय उपयोग?

अध्यक्ष महाराज, हा माझ्या सहीचा कागद. भोकाचं माप, बोल्टचं माप, तारीख, सगळं लिहिलंय. धोंडूची साक्षीदार म्हणून सही आहे. शाळेचं ऑफिस पाच वाजता बंद होतं. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. त्याआधी त्या शेऱ्याखाली हा कागद जोडावा, एवढीच विनंती.

आपण मला व्यासपीठावर येऊ दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बाई, तुमचे आभार मानायला मला मराठी कमी पडते, म्हणून फक्त हात जोडतो. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि कुठे लिहायचंच असेल, तर या खेपेला माझ्या नावावर लिहा.