बारा नंबरचा हरभरा

न्हाई सर, चैत्राबाईनं खोटं लिवलं असं तेवढं म्हणू नका. बसा की, बाजेवर बसा. तुमच्या विद्यापीठात काय म्हणत्यात ते मला ठाव न्हाई, पण ती पोरगी आमच्या ह्या कोहिनूर गावच्या रानात उन्हातान्हात उकिडवी बसून एकेक झाड मोजायची — मी बघितलंय ना. मला म्हणायची, राजूबाई अक्का, जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतंय, पण मुळाला ते आत घ्यायला दार पाहिजे. ज्या बियात दार उघडायचं जनुक चांगलं, तो हरभरा डीएपी खताबिगर बी वाढतोय. तसलं बी कोणतं, तेच हुडकायलती ती. म्हणून बारा ओळी, बारा जातीच्या, अन् खत कशालाच न्हाई — चिमूटभर बी न्हाई, असं मला बजावून सांगितलं. मी व्हय म्हणलं. रान आमचं, राखण आमची.

आता तुम्ही म्हणायलात, बारा नंबरचं बी दुसरीकडं पेरलं तर खुरटलं. खुरटणारच की — म्हणजे, पाणी कमी पडलं असंल, मला काय कळतंय त्यातलं. च्या ठेवू का? — असं बघू नका सर.

त्या साली आमच्या विजयश्रीचं लगीन झालतं. येळवशीच्या अमावस्येला तिच्या सासरची पहिल्यांदाच रानात जेवायला येणार — राजेश्वर गावची माणसं, तालेवार. येळवशीला रानात कडब्याची कोप करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, भज्जी-आंबिलाची पंगत तिथंच. आमची कोप दरसाली त्याच बांधावर, अन् बांधाला लागून बारा नंबर — वीतभर वाढ, देठ तांबूस, जीव नसल्यावाणी. विहीणबाई तिथंच बसून म्हणणार, ह्यांच्या रानात हरभरा बी धड येत न्हाई. त्यांना जनुकाचं काय सांगू मी? तर महिनाभर आधी — दोनच ओंजळी डीएपी. तीन असत्याल. खुरप्यानं उकरून मुळाशी घातलं अन् वरून पाणी दिलं. बाकीच्या अकरा ओळींना हात लावला न्हाई, देवाशपथ.

विहीणबाई खूश होऊन गेल्या. चार दिसांनी चैत्राबाई आली ती बारा नंबरपुढं उभीच ऱ्हायली. माझ्या गळ्यात पडून रडली सर, म्हणली, अक्का, घावलं. मग इचारलं बी, इथं कुणी काय घातलं का? मी न्हाई म्हणलं. तिनं तसंच वहीत लिवलं. — अन् तेवढं एकदाच नव्हं. मागच्या महिन्यात परत आलती, तोंड उतरलेलं. म्हणली, समदे म्हणायलेत मी आकडे बनवले, अक्का, खरं सांगा, मी रागावणार न्हाई. तवा तरी सांगायचं ना? कामून न्हाई सांगितलं? लाज वाटली, दुसरं काय. उलट मीच तिला म्हणलं, बाई, तुमचंच मोजायला चुकलं असंल. ती मी केलेला च्या पिऊन गेली. त्या दिवसापासून मला घास गोड लागंना बघा.

लिवा सर. मालकाचं नाव नको, त्यांना ठाव न्हाई. राजूबाईनं घातलं असं लिवा, सही करते मी. — जीपमधी कोण बसलंय ते? ती? मग वर कामून आणलं न्हाई तिला? — न्हाई, न्हाई, हाक मारू नका. तुम्हाला बोलले ते तिच्या तोंडावर मला जमायचं न्हाई. उतरायलीय बघा ती. सर, तिला तिथंच थांबवा. तुमची वही घ्या अन् जावा तुम्ही. जावा.